चोरून चाखलेली भाजी

समोरच्या माणसाला विचारायचं, "तुम्हाला काय करायचंय?" आणि उत्तर ऐकून घाबरायचं नाही. माझ्या नोकरीचं सगळं काम एवढ्यात मावतं. विचारणं मला पहिल्याच आठवड्यात जमलं. न घाबरणं जमायला बरीच वर्षं लागली. आता जमलं, असं म्हणत मी मिरवायला लागले आणि लगेच एकदा एवढी घाबरले की एका अख्ख्या गावाची पंगत तासभर उपाशी बसली.

आमची पांढरी जीप यवतमाळहून निघायची. तिच्यात एक मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर, एक नर्स, ड्रायव्हर प्रकाश, गोळ्यांची खोकी आणि मी. आठवड्याचे वार तालुक्यांना वाटून दिलेले, त्या वारी त्या तालुक्यात आमचा दवाखाना. कागदावर माझं पद होतं मनोविकार सामाजिक कार्यकर्ती. एवढं म्हणेपर्यंत बस सुटायची, म्हणून लोकांनी त्याचं 'टेन्शनवाली मॅडम' करून टाकलं होतं. मला ते आवडायचं. कॉलेजात मी नाटकात कामं केलेली, तेव्हा टोपणनाव मिळणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. जीप गावात शिरली की पारावरची माणसं उठून उभी राहायची आणि हळूच विचारायची, "कोनाच्या घरी?" त्या वर्षांत शहरातून कॅमेरे यायचे, पाहणी करणारे यायचे. त्यांनी कोणाला भेटायचं ते येण्याआधीच ठरलेलं असायचं. पण कापूस पिको न पिको, कानात आवाज येणारी, कोणीतरी पाळत ठेवतंय असं वाटणारी, वर्षानुवर्षं घराच्या मागच्या खोलीत बसून असलेली माणसंही त्याच गावांत होती. त्यांच्याकडे कॅमेरा कोणी वळवला नाही. माझं निम्मं काम त्यांच्यात होतं.

अशा माणसाच्या बाबतीत जुनी रीत सोपी होती. गोळ्या घेतो ना? ओरडत नाही ना? घरात बसतो ना? मग बरा आहे. घरच्यांनी विळा लपवायचा, काडेपेटी लपवायची, पैसे लपवायचे आणि शेवटी माणूसच लपवायचा. यात धोका शून्य. आयुष्यही जवळपास शून्यच. आम्ही शिकलो ती रीत उलटी होती. आजार थोडाफार राहीलही. पण त्याच्यासकट माणसानं आपलं आयुष्य आपण चालवावं, म्हणून त्याला काय हवं ते आधी विचारायचं. मग त्याच्याचसोबत बसून कागदावर लिहायचं. यात काय बिघडू शकतं? बिघडायच्या आधी काय दिसायला लागतं? दिसलं तर कोणी काय करायचं? हा कागद माणसाचा स्वतःचा. आम्ही फक्त लिहून घेणारे.

ऐकायला गोड वाटतं. करायला घेतलं की झोप उडते. राळेगावकडच्या एका बाईला, कांताबाईला, एवढंच हवं होतं की एसटीनं एकटीनं यवतमाळला जायचं आणि आपल्या गोळ्या आपण आणायच्या. नऊ वर्षं तिला कोणी एकटं फाटकाबाहेर सोडलं नव्हतं. आम्ही कागद केला, कंडक्टरला सांगितलं, दिराला समजावलं. पहिल्याच दिवशी बाई यवतमाळला पोचल्या नाहीत. दीर मोटारसायकलवर, मी जीपमध्ये, आणि दोघं एकमेकांना दोष देत रस्ताभर शोधत होतो. दुपारी त्या कळंबच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानासमोर सापडल्या.

"अवो, हरवले नोयते मी," त्या म्हणाल्या. "उतरले होते. हरवनं येगळं आन् उतरनं येगळं."

दीर माझ्याकडे बघत राहिला. मी बांगड्यांकडे बघितलं. चांगल्या होत्या.

तर असे किस्से सांगून मी बैठका गाजवायची. त्यात वसंताभाऊ आले.

वसंता आचारी बाभुळगाव तालुक्यातल्या एका गावचे. पन्नाशीच्या अलीकडचे, बुटके, हाताला जुन्या भाजल्याचे डाग. लग्न, तेरवी, सप्ता, काही असो, आजूबाजूच्या दहा-बारा गावांत सैपाक त्यांचाच. आमच्याकडे रोडगे म्हणजे गव्हाच्या कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून तूप सोडायचं आणि वरण नि वांग्याच्या भाजीशी खायचे. वसंताभाऊंच्या रोडग्याला आत कच्चेपणा नाही आणि बाहेर करपट नाही, अशी ख्याती.

मग आजार आला. आपल्या सैपाकात कोणीतरी काहीतरी मिसळतंय, असं त्यांना वाटायला लागलं. एका लग्नात नवरदेवाची वरात दारात आणि यांनी भाजीची कढई लाथेनं पालथी केली, मग वरणाचे गंज, ती मोठाली पातेली. लोकांना दिसला तो वेडा झालेला आचारी. वसंताभाऊंच्या हिशेबानं त्यांनी त्या दिवशी तीनशे माणसांचा जीव वाचवला होता, आणि त्या तीनशे माणसांनीच त्यांना धरून चोपलं.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ते त्यानंतर सहा-सात वर्षांनी. गोळ्या चालू होत्या, आवाज कमी झाले होते. त्यांची बायको शोभाताई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायच्या. हे घरी. घरातल्या चुलीपाशीसुद्धा त्यांना कोणी बसू देत नव्हतं. मी माझा प्रश्न विचारला.

"मले काय पाह्यजे?" त्यांनी चुलीकडे पाहिलं. "मॅडम, सप्त्याचा सैपाक कराचा आहे. काल्याच्या दिवसाचा. एक डाव."

गावात माघात भागवत सप्ता बसायचा. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि मग सगळ्या गावाचा महाप्रसाद, चारशेक पानं. सप्ता कमिटीचे अध्यक्ष गुणवंतराव म्हणजे वसंताभाऊंचे शाळासोबती. ते आधी हसले. मग गंभीर झाले. मग म्हणाले, "मॅडम, तुमी ग्यारंटी घेता का?"

"ग्यारंटी मिक्सरची असते, भाऊ," मी म्हणाले. "माणसाची नसते."

"मंग मिक्सरच आना," गुणवंतराव म्हणाले.

तीन महिने गेले. आधी घरचा सैपाक, मग शेजारच्या बारशाचा, मग शाळेच्या कार्यक्रमाचा चहा-चिवडा. सोबत कागद तयार होत गेला आणि तो वसंताभाऊंनीच सांगितला. काही बिघडायला लागलं की मी पळी पुन्हा पुन्हा धुतो. एकदा धुतली तर सवय. तीनदा धुतली तर शोभानं येऊन म्हणायचं, चला, पाणी प्या. दहा मिनिटं भट्टीपासून दूर बसायचं. आणि मग सगळ्यात अवघड कलम. मनात शंका आली की ती मनातच शिजत ठेवायची नाही. ज्याच्यावर भरवसा आहे अशा एका माणसाला सरळ विचारायचं, हे खरं आहे का मलाच दिसतंय? तो सांगेल ते मानायचं.

"तो माणूस कोण लिहू?" मी विचारलं.

"तुमी लिवा ना," ते म्हणाले. "शोभा तं मले बरं वाटावं म्हनून कायबी म्हनन."

मी माझं नाव लिहिलं. छाती दोन इंच फुगली होती, हे कबूल करायला हरकत नाही.

गुणवंतरावांनी शेवटी होकार दिला. आता सगळं छान चाललं आहे, असं असताना काल्याच्या आठवडाभर आधी मला झोप येईना. पेपरात नको त्या कारणानं जिल्ह्याचं नाव रोज येत होतं. चारशे माणसं, पेटलेल्या भट्ट्या, उकळती वरणं आणि कागदावर माझं नाव. काही झालं तर विचारणार मलाच. मग मी एक दुसरा कागद केला. मनातल्या मनात. नेरच्या एका आचाऱ्याला सांगून ठेवलं की फोन आला तर माणसं घेऊन निघायचं. गुणवंतरावांना त्याची कल्पना दिली, ते खूश झाले. आणि प्रकाशला म्हटलं, "भाजी उतरली की वसंताभाऊंची पाठ वळल्यावर वाटीभर काढून घे. देवळामागं जाऊन चाखून बघ. चव बरी असली की मला मान हलवून सांग."

हे सगळं मी वसंताभाऊंच्या भल्यासाठी करत होते. निदान मला तसं वाटत होतं. शोभाताईंनाही सांगितलं नाही, कारण त्यांच्या पोटात काही राहात नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं.

काल्याचा दिवस. देवळापुढे मांडवात कीर्तन, बाजूच्या मोकळ्या जागेत जमिनीत चर खणून केलेल्या भट्ट्या. पहाटेपासून रोडग्यांचा जगरा, गोवऱ्यांचा तो ढीग, पेटलेला. वसंताभाऊंनी स्वच्छ बंडी घातली होती, डोक्याला रुमाल. पोरींना कणीक तिंबायला, पोरांना वांगी चिरायला, सगळ्यांना आवाज न चढवता कामाला लावत होते. मी नुसती बघत होते. आमच्या दवाखान्यात बाकावर खांदे पाडून बसणारा माणूस तो हाच, हे सांगून कोणाला पटलं नसतं.

एक गोष्ट मला नवीन कळली. महाप्रसादाचा सैपाक करणारा आचारी काहीही चाखत नाही. नैवेद्य दाखवेपर्यंत जिभेवर थेंब ठेवायचा नाही, नाहीतर सगळं उष्टं. मीठ-तिखट अंदाजानं, वासानं, पळीवरून ओघळणाऱ्या रसाकडे बघून. वसंताभाऊ भाजीच्या वाफेवर वाकून हुंगत होते आणि मुठीनं मीठ टाकत होते.

"चुकत नाही कधी?" मी विचारलं.

"चुकते ना. पन देवाच्या आंधी जीभ लावत नाई."

हे ऐकल्यावर मी प्रकाशला थांबवायला हवं होतं. मला तेव्हा एवढंच वाटलं, अरे वा, किती छान प्रथा आहे, कुठंतरी सांगायला पाहिजे. माझ्या धंद्यातला माणूस कुतूहलानं असा आंधळा होतो.

भाजी उतरली. थोड्या वेळानं मी पाहिलं, तर वसंताभाऊ वरणाच्या गंजापाशी पळी धूत होते. धुतली, बुडवली, काढली. परत धुतली.  तिसऱ्यांदा धुतली तेव्हा शोभाताई पदर खोचत आल्या आणि कागदात लिहिल्याप्रमाणे म्हणाल्या, "चला, पानी प्या."

ते निमूट उठले. पाणी प्यायले. मग सरळ माझ्याकडे आले.

"मॅडम, एक इचारू? खरं सांगा," ते अगदी हळू म्हणाले. "तुमचा प्रकाश मायी भाजी चोरून घेऊन गेला आन् देवळामांगं चाखून राह्यलता. हे खरं आहे, का मलेच तसं दिसून राह्यलं?"

वाचकहो, नाटकात मी बऱ्याचदा संवाद विसरले आहे, पण असा नाही. उलट या वेळी संवाद तोंडात तयार होता. 'काहीतरीच काय भाऊ, भूक लागली असेल त्याला, दुसरंच काही खात असेल.' एवढं म्हटलं असतं की त्यांनी मान हलवली असती. कागदात तसंच ठरलं होतं ना, मी सांगेन ते मानायचं. सैपाक झाला असता, पंगत उठली असती, मी यवतमाळला जाऊन पाठ थोपटून घेतली असती. आणि हा माणूस आयुष्यभर धरून चालला असता की डोळ्यांनी स्वच्छ दिसलेलंही खोटं असतं.

"खरं आहे," मी म्हणाले. "मीच पाठवलं होतं त्याला."

"काहून?"

"मला भीती वाटली."

"अजून काय काय केलं?"

मी सांगितलं. नेरचा आचारी. गुणवंतराव.

"शोभाले मालूम होतं?"

"नाही."

त्यांनी एवढ्यावर मान हलवली आणि जाऊन दगडावर बसले. पाठीमागून शोभाताई ओरडल्या, "अवो, वरन लागून राह्यलं ना बुडाले."

"मॅडमले सांग हलवाले," ते म्हणाले.

मी हलवलं. चारशे माणसांचं वरण ही काय चीज आहे ते दंडाला कळलं. धुरानं डोळे गळत होते, ते धुरानंच गळताहेत असं समजायला सगळ्यांना सोयीचं होतं. फोन कमरेला होता. नेरला लावावा का? लावला तर इथं सगळं संपलं. नाही लावला आणि हे उठलेच नाहीत तर? मी हलवत राहिले. वसंताभाऊ माझ्याकडे एकटक बघत होते. किती वेळ गेला माहीत नाही.

शेवटी ते आले. "सरका. गारा केला तुमी वरनाचा." पळी हातात घेतली, दोन-चार वळसे दिले, बुडाचं करपलेलं वर येणार नाही असे. मग म्हणाले, "भाजी उष्टी झाली. देवाले दाखवता येत नाई. नैवेद्यापुरती नवी करा लागते. अर्धा-पाऊन घंटा."

तेवढ्यात गुणवंतराव धापा टाकत आले. "वसंता, बारा वाजून राह्यले. बुवा काला फोडून मोकळे झाले. काय उशीर आहे बाबू?"

वसंताभाऊंनी वांगी चिरायला घेतली होती. मान वर न करता म्हणाले, "मायाच अंदाज चुकला."

गुणवंतरावांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी बघितलं. नेरला फोन लावायला त्यांचा हात कमरेच्या मोबाइलकडे गेला. सात वर्षांनी मिळालेली एक संधी, आणि माझी चूक अंगावर घेऊन हा माणूस ती घालवत होता.

"भाऊ," मी वसंताभाऊंना म्हणाले, "मी माइकवर जाऊन सांगू का, उशीर का झाला ते?"

त्यांनी विळीवरचा हात थांबवला. विचार केला. "सांगा. पन मायं नका सांगू. तुमचं सांगा."

मी मांडवात गेले. बुवांनी मोठ्या मनानं माइक दिला. समोर चारशे भुकेले चेहरे. एवढा भरलेला प्रेक्षकवर्ग मला नाटकात कधी मिळाला नव्हता आणि पळून जावंसं कधी एवढं वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "मंडळी, उशीर माझ्यामुळं झाला. आचाऱ्यांनी सगळं वेळेत केलं होतं. मला धीर धरवला नाही. मी नैवेद्याआधी चोरून भाजी चाखायला लावली. म्हणून देवासाठी परत करावी लागतेय. माझी चूक आहे, माफ करा."

 कोणीतरी खोकलं. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाई, बोळक्या तोंडाच्या, अगदी कुतूहलानं म्हणाल्या, "मंग कशी होती व माय?"

मी म्हणाले, "मी नाही चाखली, आजी. प्रकाशला विचारा."

सगळ्या माना वळल्या. प्रकाश खांबाला टेकून उभा होता, हातात अजून ती वाटी. लाजून लाल झाला बिचारा. "मीठ बराबर आहे," तो म्हणाला.

मांडव हसला. आजी म्हणाल्या, "झालं तं मंग. थांबू घटकाभर." बुवांनी आणखी एक अभंग धरला. गुणवंतरावांनी मोबाइल परत कमरेला लावला.

पंगती चार वाजेपर्यंत चालल्या. रोडगे संपले, वरण संपलं, करपल्याचा वास कोणाला आला असेल तरी कोणी बोललं नाही. एक कुटुंब मात्र जेवायला बसलं नाही. पूर्वीच्या त्या लग्नातल्या नवरदेवाचं. तेही मी पाहिलं आणि वसंताभाऊंनीही. माझ्याशी ते दिवसभर पुढं एक शब्द बोलले नाहीत. परतताना जीपमध्ये प्रकाश म्हणाला, "मॅडम, पुढच्या टायमाले कोनाले चाखाले सांगसान तं मले नका सांगू." मी म्हटलं, पुढची वेळ म्हणून काही नसणार.

मला वाटलं, आता हा माणूस दवाखान्यात फिरकणार नाही. पुढच्या महिन्याच्या बाभुळगावच्या वारी मी रजिस्टर उघडून बसले होते आणि दारात दर वेळी सावली पडली की मान वर करत होते. ते आले. नेहमीच्या नंबरानं, शोभाताईंशिवाय. समोर बसले. डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न सुरू केले. झोप? चांगली. भूक? चांगली. कोणी आपल्या मागावर आहे, आपल्या कामात गुपचूप काही करतंय, असं वाटलं का?

"हाओ," वसंताभाऊ म्हणाले. "मांगच्या महिन्यात."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"वाटलं नाई, होतंच," ते म्हणाले. "ह्या मॅडमनं मानूस लावलता मायामांगं. मले दिसला. मी इचारलं. त्या हाओ म्हनल्या. मंग मी बसलो उलीसा, आन् उठून सैपाक पुरा केला. समद्याईले जेवू घातलं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

 आमच्या छापील तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

"बरा आहे म्हनून लिवा," वसंताभाऊ म्हणाले. मग खुर्ची पुढं ओढून, टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "आन् डॉक्टरसाहेब, अक्षय तृतीयेले मायाकडे लग्नाचा सैपाक आला आहे. नेरच्या रस्त्यावर, दुसऱ्या गावात. रातच्या गोळीनं सकाई अंग जड रायते, भट्टीपाशी झोप येते. जरा कमी कराची आहे ती."

डॉक्टरांनी परत माझ्याकडे पाहिलं. गोळी कमी करायची, आणि तीही लग्नाच्या तोंडावर.  या वेळी मी मनातल्या मनात दुसरा कागद केला नाही, तिथंच, सगळ्यांसमोर बोलले.

"भाऊ, मला भीती वाटतेय," मी म्हणाले. "झोप उडाली तर? परत सुरू झालं तर?"

"तेच तं बोलाले आलो," वसंताभाऊ म्हणाले. "मलेबी वाटून राह्यली. कागद काढा."